पंचाची उंच खुर्ची



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, लढाया आणि राजेरजवाडे उभे राहतात. आपण तर अजिंक्यताऱ्याच्या आणि सांगलीच्या गणपतीच्या मुलखातल्या बायका. आपल्याला हा इतिहास कोणी शिकवावा लागत नाही. पण घरातल्या पाट्यालाही इतिहास असतो, देवघरातल्या समईलाही असतो. तसाच तो खुर्चीलाही असतो. आज मी एका खुर्चीचा इतिहास सांगणार आहे. ही खुर्ची सहा ते आठ फूट उंच असते. तिला शिडीसारख्या पायऱ्या असतात आणि ती टेनिसच्या मैदानाकडेला, जाळीच्या खांबाजवळ ठेवलेली असते. तिच्यावर बसणाऱ्यास आपण पंच म्हणतो आणि इंग्रजीत अंपायर म्हणतात.

माझे माहेर साताऱ्याचे आणि सासर सांगलीचे. शिक्षण सातवीपर्यंत. मी काही लेखिका नव्हे, की मोठी खेळाडूही नव्हे. परंतु मुलीला टेनिस शिकण्यास नेता-आणता मैदानाच्या कडेला बसून मीही काही शिकले, आणि गेली काही वर्षे आपल्या भागातल्या मुलामुलींच्या सामन्यांत त्या उंच खुर्चीवर बसत असते. तेव्हा जे लिहिते आहे ते काही ऐकलेले, काही वाचलेले आणि काही स्वतः अनुभवलेले आहे, असे समजून गोड मानून घ्यावे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. पंच म्हणजे पाच. गावातली पाच शहाणी माणसे पारावर बसून तंटा सोडवीत, त्यावरून पंच आणि पंचायत हे शब्द आले. म्हणजे आपला पंच हा आपल्यातलाच, पाचांमधला एक. इंग्रजी अंपायर शब्दाचे मूळ जुन्या फ्रेंच भाषेत आहे. त्याचा मूळ अर्थ 'ज्याला जोड नाही तो', म्हणजे दोघांच्या जोडीबाहेरचा तिसरा. मला ह्या दोन शब्दांची मोठी गंमत वाटते. एक म्हणतो, न्याय करणारा आपल्यातला हवा. दुसरा म्हणतो, तो बाहेरचा हवा. खुर्चीवर बसणाऱ्यास दोन्ही व्हावे लागते. ते किती अवघड आहे ते पुढे सांगेन.

न्यायाची गोष्ट निघाली म्हणजे सातारकरांना रामशास्त्री प्रभुण्यांची आठवण होणारच. ते आपल्या क्षेत्र माहुलीचे. लहानपणी ते काही शिकले नव्हते. साताऱ्यात एका सावकाराकडे शागीर्द म्हणून राहिले आणि वीस वर्षांचे झाल्यावर, मालकाचे बोलणे मनाला लागून, विद्येसाठी काशीस गेले, अशी कथा सांगतात. पुढे ते पेशव्यांचे न्यायाधीश झाले. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा शास्त्रीबुवांनी चौकशी करून खुद्द राघोबादादांस दोषी ठरविले. ज्यांच्या हाती सत्ता, त्यांनाच तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितले, पद सोडले आणि वाईजवळच्या पांडववाडीस जाऊन राहिले. ह्या कथेतून दोन गोष्टी मी पदरी बांधल्या आहेत. वय वाढले म्हणून शिकणे थांबत नाही, ही पहिली. निकाल देताना माणूस पाहायचे नसते, ही दुसरी.

नियम जाणणारे माणूस मैदानावर का हवे, हे सांगणारी गोष्टही साताऱ्याचीच आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवून आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. तेथे त्यांना एक लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच दुसरीस उभे राहावे लागले. दोन कुस्त्यांमध्ये विश्रांती मिळावी असा नियम होता. पण तो नियम दाखवून भांडणारा आपला अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. पदकाचा रंग कदाचित वेगळा झाला असता. ताकद खाशाबांची होती, परंतु नियमाचा कागद हातात घेऊन उभे राहणारे कोणी नव्हते. खेळात खेळाडूइतकेच पंचाचे महत्त्व आहे, हे ह्याहून अधिक कसे सांगावे?

आता टेनिसकडे वळू. आजचे लॉन टेनिस तसे फार जुने नाही. मेजर विंगफील्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७४ साली ह्या खेळाच्या साहित्याचे पेटंट घेतले. त्याचे मैदान मध्ये अरुंद आणि दोन्ही टोकांस रुंद, म्हणजे थेट वाळूच्या घड्याळासारखे होते. तीन वर्षांनी, १८७७ साली, विम्बल्डन येथे पहिली स्पर्धा भरली. तिच्यासाठी हेन्री जोन्स आणि आणखी दोघा जणांनी बसून नियम ठरविले. मैदान सरळ चौकोनी केले, ७८ फूट लांब आणि २७ फूट रुंद. एकेरीसाठी आजही तेच माप आहे. जोन्स हे त्या स्पर्धेचे मुख्य अधिकारी होते. गंमत म्हणजे ते पत्त्यांच्या खेळावर पुस्तके लिहिण्याबद्दल प्रसिद्ध होते! त्या पहिल्या वर्षी २२ पुरुष खेळले. स्त्रियांना प्रवेश नव्हता.

हा खेळ इंग्रजांबरोबर आपल्या देशात आला. आरंभी तो साहेबलोकांचा आणि संस्थानिकांचा होता, पण तेवढ्यावर राहिला नाही. आपल्या सांगलीत १९३३ साली जन्मलेले नंदू नाटेकर तरुणपणी टेनिस खेळत. राष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धेत रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले आणि १९५६ साली परदेशात बॅडमिंटनची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय ठरले. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत ते होते. टेनिस मात्र त्यांच्या घरात पुन्हा आले. त्यांचे चिरंजीव गौरव यांनी १९९४ साली हिरोशिमाच्या आशियाई खेळांत लिअँडर पेस यांच्या जोडीने दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले.

आणि बायका? पंडिता क्षमाबाई राव यांचे नाव आपल्यापैकी थोड्याच जणींनी ऐकले असेल. त्या संस्कृतच्या कवयित्री. सत्याग्रहावर त्यांनी संस्कृतात काव्य लिहिले. तुकाराम, ज्ञानेश्वर आणि आपल्या सज्जनगडच्या रामदासस्वामींचे चरित्रही संस्कृतात लिहिले. ह्याच क्षमाबाई टेनिसही उत्तम खेळत. त्यांची कन्या लीला राव हिने १९३४ साली विम्बल्डनला पहिल्या फेरीचा सामना जिंकला. तेथे सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. एका हाती लेखणी आणि दुसऱ्या हाती रॅकेट अशी मायलेकींची जोडी आपल्या मराठी मुलखात होऊन गेली, हे मुलींना अवश्य सांगावे.

खेळायला बायका आल्या, पण खुर्चीवर कधी बसल्या, हे मी मुद्दाम शोधले. त्याचा हिशेब असा आहे. विम्बल्डनची पहिली स्पर्धा १८७७ ची. स्त्रियांची स्पर्धा सुरू झाली १८८४ साली, म्हणजे ७ वर्षांनी. त्या स्त्रियांच्याच अंतिम सामन्यात स्त्री पंच खुर्चीवर बसली ती १९८४ साली. जॉर्जिना क्लार्क तिचे नाव. म्हणजे आणखी १०० वर्षे गेली. पुरुषांचे मोठे अंतिम सामने तर दूरच. २००७ साली सांद्रा द जेंकेन हिने ऑस्ट्रेलियात आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये ते काम केले. २०१५ साली एव्हा आस्डेराकी हिने अमेरिकेत केले. विम्बल्डनच्या पुरुषांच्या अंतिम सामन्यात मारिया चिचाक ही क्रोएशियाची बाई बसली ती २०२१ साली, म्हणजे १९८४ नंतर ३७ वर्षांनी. ७, १०० आणि ३७ यांची बेरीज १४४ होते. रॅकेट हातात द्यायला जगाला ७ वर्षे पुरली, पण निकाल हातात द्यायला पुढची १३७ वर्षे लागली! ह्यावर अधिक भाष्य करण्याची जरुरी नाही. सुज्ञ भगिनी समजून घेतील.

आता हे काम शिकतात कसे, ते सांगते. मैदानावरचे एक वयस्क निवृत्त शिक्षक मुलांचे सामने लावीत. मला रोज कडेला बसलेली पाहून त्यांनी माझ्या हातात गुणपत्रकाचा तक्ता आणि पेन्सिल दिली. "ताई, घरी दुधाचा हिशेब ठेवता ना? मग हेही जमेल," असे म्हणाले. खरोखरच ते दुधाच्या कार्डासारखे असते. प्रत्येक गुणाला चौकटीत एक तिरकी रेघ ओढायची. पहिली सर्व्हिस चुकली तर टिंब द्यायचे. दोन्ही चुकल्या तर वेगळी खूण, आणि सर्व्हिसवर सरळ गुण मिळाला तर आणखी वेगळी. सामना संपल्यावर तक्ता पाहिला की सारा खेळ पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहतो.

मला भीती होती ती इंग्रजीची. पण लागणारे शब्द मोजकेच आहेत. गुणांना एक-दोन-तीन न म्हणता फिफ्टीन, थर्टी, फॉर्टी म्हणतात आणि शून्याला लव्ह म्हणतात. चाळीस-चाळीस झाले की ड्यूस. ज्याची सर्व्हिस त्याचा आकडा आधी सांगायचा. हे मी पोळ्या लाटताना मोठ्याने घोकत असे. पहिले काही दिवस सासूबाई चकित होऊन पाहत; पुढे त्याच "आज ड्यूस झाले का गं?" म्हणून विचारू लागल्या.

सामन्याआधी पंचाने जाळी मोजायची. ती मधोमध ३ फूट आणि खांबांशी साडेतीन फूट असावी लागते. मग दोन्ही खेळाडूंना बोलावून नाणे उडवायचे. एक गुण संपून दुसरा सुरू होईपर्यंत २५ सेकंद आणि बाजू बदलताना ९० सेकंद मिळतात. तेवढ्यावर घड्याळाने लक्ष ठेवायचे. खेळाडूने रॅकेट आपटले किंवा अपशब्द वापरला तर पहिल्या वेळी ताकीद, दुसऱ्या वेळी गुण कापायचा आणि त्यापुढे अख्खा गेम.

पण ही झाली पाठांतराची विद्या. खरी विद्या डोळ्यांची आहे. चेंडू रेघेला केसाइतका जरी लागला तरी तो आतच धरतात. म्हणून चेंडूच्या मागे डोळे फिरवायचे नसतात. तो पडायच्या आधी नजर रेघेवर जाऊन थांबली पाहिजे. दुधाचे पातेले गॅसवर असताना आपण दुसरे काम करतो, तरी उतू जायच्या क्षणी नजर तेथे असतेच. तसेच हे आहे. गुरुजींनी आणखी एक सांगितले. गुण झाल्यावर जिंकणाऱ्याकडे पाहू नये, हरणाऱ्याकडे पाहावे. कारण जे काही बिघडायचे ते तेथे बिघडते. हा धडा तर मला घरीही फार उपयोगी पडला. दोन मुलांचे भांडण मिटवले म्हणजे ज्याच्या विरुद्ध निकाल गेला त्याच्याजवळ थोडे बसावे.

सर्वांत मोठा धडा मात्र वेगळाच आहे. मोठ्या सामन्यांत रेघांवर वेगळे पंच उभे असत. त्यांच्यासाठी एक खूण ठरलेली आहे. चेंडू पडताना कोणी आड आले आणि दिसले नाही, तर त्यांनी दोन्ही हात डोळ्यांपुढे धरायचे. म्हणजे 'मला दिसले नाही'. मग खुर्चीवरच्या पंचाने पाहिले असेल तर त्याने निकाल द्यायचा, आणि त्यालाही दिसले नसेल तर गुण पुन्हा खेळायचा. सगळ्या प्रेक्षकांसमोर 'मला दिसले नाही' असे सांगण्याची सोय नियमातच ठेवलेली आहे, हे मला फार आवडले. आपल्याकडे न पाहिलेले ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. शेजारची कोण कोठे गेली आणि सून काय बोलली, ह्याबद्दलही कधी कधी हात डोळ्यांपुढे धरता आले तर किती तंटे टळतील!

मोठ्या स्पर्धांची गोष्ट वेगळी. आपल्याकडच्या लहान स्पर्धांत सुरुवातीच्या फेऱ्यांना खुर्चीवर बहुधा कोणीच नसते. तेव्हा खेळाडूने आपल्या बाजूच्या रेघांचा निकाल स्वतःच द्यायचा असा नियम आहे, आणि मनात शंका असेल तर तो चेंडू आत पडला असे धरून गुण समोरच्याला द्यायचा. दहा-बारा वर्षांच्या मुलांकडून केवढी मोठी अपेक्षा ही! मुले बरीचशी प्रामाणिक असतात. गलबला होतो तो जाळीबाहेर उभ्या असलेल्या आईबापांचा.

आता तो प्रसंग सांगते, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला असे म्हटले तरी चालेल. एकदा मुलींच्या अंतिम सामन्यास पंच कमी पडले आणि मुख्य अधिकाऱ्यांनी मला खुर्चीवर बसण्यास सांगितले. खेळणाऱ्या दोघींपैकी एक माझ्या जाऊबाईंची मुलगी होती. मी त्यांना तसे स्पष्ट सांगितले. नात्यातल्या खेळाडूच्या सामन्याला पंचाने बसू नये, हा ह्या कामाचा पहिला संकेत आहे. त्यांनी दुसरी व्यवस्था केली. पुतणी शेवटच्या सेटमध्ये दोन गेमने हरली. त्यात दोन चेंडू अगदी रेघेशी पडले होते आणि दोन्ही तिच्या विरुद्ध गेले.

जाऊबाई मला म्हणाल्या, "घरचं माणूस खुर्चीवर बसायचं सोडून खाली उतरलं. शत्रूनंही असं केलं नसतं." मी म्हटले, "वहिनी, मी बसले असते आणि ते चेंडू आत दिले असते, तर ती जिंकली असती की मी?" त्या काही बोलल्या नाहीत. आठ दिवस बोलल्या नाहीत. एका घरात राहून, एका चुलीशी वावरून आठ दिवस अबोला म्हणजे काय, हे भगिनींना सांगायला नको. यजमान म्हणाले, "कशाला हवंत ही नसती उठाठेव?" मलाही रात्री झोप लागत नव्हती. एका पोरीचा कप गेला, घरातले बोलणे गेले, आणि मिळाले काय? मग रामशास्त्र्यांची आठवण येई आणि स्वतःचेच हसू येई. त्यांनी पेशवाई दुखावली, मी एक जाऊ दुखावली. पण दुखते सारखेच. नवव्या दिवशी जाऊबाई विरजण मागायला आल्या. मी वाटी भरून दिली. त्या विषयावर आम्ही दोघी आजवर बोललेल्या नाही. मात्र ह्या वर्षी पुतणीच्या सामन्यास त्या शेजारी येऊन बसल्या आणि एका चेंडूला मला हळूच म्हणाल्या, "बाहेर होता गं तो." तो पुतणीचाच चेंडू होता.

आपल्यातला आणि बाहेरचा असे दोन्ही व्हावे लागते, असे मी वर म्हटले ते हेच. गावात सगळे एकमेकांचे कोणी ना कोणी असतात. मुंबईच्या पंचाला अनोळखी खेळाडू मिळतात. आपल्याला समोर ओळखीचीच पोर मिळते आणि दुसऱ्या दिवशी तिच्या आईची भाजीबाजारात गाठ पडते. म्हणून आपल्याकडची खुर्ची विम्बल्डनच्या खुर्चीहून कमी अवघड नाही.

अलीकडे लोक विचारतात की आता सर्व यंत्रेच सांगतात, मग हे शिकायचे कशाला? गोष्ट खरी आहे. २००७ पासून विम्बल्डनला खेळाडूंना पंचाच्या निकालावर यंत्राकडे दाद मागता येऊ लागली. २०२१ साली ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या स्पर्धेत रेघांवरचे पंच गेले, आणि २०२५ साली विम्बल्डननेही, १४७ वर्षांची प्रथा मोडून, त्यांना निरोप दिला. पण त्याच वर्षी तेथे काय झाले ते ऐका. स्त्रियांच्या एका सामन्यात मैदानाच्या एका बाजूचे यंत्र कोणाच्या तरी हातून बंद राहिले होते. चेंडू बाहेर पडला, सर्वांना दिसला, पण यंत्र गप्प. शेवटी खुर्चीवरच्या माणसालाच खेळ थांबवून गुण पुन्हा खेळवावा लागला. म्हणजे यंत्र आले तरी खुर्ची राहिली आहे. आणि आपल्या सातारा-सांगलीच्या मुलांच्या मैदानावर यंत्र कोठे आहे? तेथे आहे पेन्सिल, तक्ता आणि दोन डोळे.

ह्या विद्येच्या पुढच्या पायऱ्याही आहेत. राज्याच्या आणि देशाच्या संघटना पंचांचे वर्ग घेतात आणि परीक्षा होते. आंतरराष्ट्रीय पंचांना पांढरा, कांस्य, रौप्य आणि सुवर्ण असे बिल्ले मिळतात. मजजवळ ह्यांपैकी एकही नाही. परंतु आपल्या मुलींपैकी एखादीजवळ का नसावा? इंग्रजी येणाऱ्या, नजर चांगली असणाऱ्या आणि कोणाच्या ओरडण्याने न डगमगणाऱ्या मुली आपल्या गल्लीगल्लीत आहेत. खेळाडू होणे प्रत्येकीला जमत नाही. त्यासाठी पैसा, वेळ आणि घरचा पाठिंबा लागतो. पंच होण्यास मुख्यतः लक्ष आणि सचोटी लागते, आणि ती बायकांच्या अंगी पुष्कळ आहे.

म्हणून मंडळास माझी एक विनंती आहे. आपल्या क्रीडादिनास लिंबू-चमचा आणि संगीत खुर्चीसाठी दर वेळी बाहेरून पंच आणावे लागतात आणि तरीही वाद होतात. पुढच्या वर्षीपासून आपल्यातल्याच चार-पाच भगिनींनी नियम नीट वाचून, आधी तयारी करून हे काम करावे. अट एकच, जिची मुलगी किंवा सून खेळत असेल तिने त्या खेळाला बसू नये. कोण बसते ते कळवावे. गुणपत्रक कसे भरायचे ते शिकवायला मी दर गुरुवारी दुपारी मंडळाच्या खोलीत येईन. येताना प्रत्येकीने पेन्सिल आणावी, खोडरबर मात्र आणू नये. पंचाच्या तक्त्यात खाडाखोड शोभत नाही.